गेन्शिन इम्पॅक्ट: पहिल्यांदा कोणाची लेव्हल वाढवायची?

गेन्शिन इम्पॅक्ट हा फोन-कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू केला की पहिल्या काही दिवसांतच तुमच्याकडे पाच-सहा पात्रं जमतात आणि बॅगेत अनुभवाची (पात्रांची लेव्हल वाढवणारी) पुस्तकं साठायला लागतात. मग एका संध्याकाळी ती सगळ्यांत सारखी वाटून टाकावीशी वाटतात. वाटू नका. आधी हा लेख वाचा, मग पुस्तकांना हात लावा.

इंदूरला माझ्या आजूबाजूला, रामबागेत आणि लोकमान्य नगरात, हा खेळ खेळणारी मराठी घरांतली बरीच मुलं आहेत. कोणी अकरावीत आहे, कोणी क्लाससाठी भंवरकुआंला खोली घेऊन राहतंय. ‘दादा, पहिले कोणाला वाढवू?’ हा प्रश्न मला गणपतीच्या मंडपात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. यावरचे व्हिडिओ बहुतेक हिंदी-इंग्रजीत असतात आणि त्यांत सांगितलेली पात्रं नव्या खेळाडूकडे नसतातच. म्हणून एक रुपया न घालता जे मिळतं, त्याच्या जोरावर पुढे जाता येईल असा रस्ता मी इथे लिहितोय.

सुरू करण्याआधी काय हाताशी हवं

- फोन किंवा कॉम्प्युटर, आणि त्यात भरपूर मोकळी जागा. हा खेळ मोठा आहे आणि दर अपडेटला वाढतो. जेल रोडवर फोन घ्यायला जाल तेव्हा स्टोरेज आधी विचारा, कॅमेरा नंतर.
- स्वतःच्या ईमेलला जोडलेलं खातं. खातं न जोडता खेळू नका, फोन बदलला की पंचाईत होते.
- खेळाच्या कंपनीचाच इंटरॅक्टिव्ह नकाशा. ब्राउझरमध्ये उघडतो, फुकट आहे. कुठली वनस्पती कुठे उगवते ते त्यात दिसतं.
- एक वही. पात्राचं नाव, आत्ताची लेव्हल, पुढच्या टप्प्याला काय कमी पडतंय, एवढंच लिहायचं. याने गडबड खूप कमी होते.

## १. सर्व्हर आधी ठरवा

खातं उघडताना आशिया, युरोप, अमेरिका असे सर्व्हर दिसतात. एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही आणि वेगळ्या सर्व्हरवरच्या मित्रासोबत खेळताही येत नाही. तुमचा पुण्याचा मावसभाऊ ज्यावर खेळतो तोच घ्या. ॲडव्हेंचर रँक (खेळाडूची एकूण पातळी) १६ झाली की एकमेकांच्या जगात जाता येतं आणि ते पुढे फार उपयोगी पडतं.

सर्व्हरप्रमाणे खेळातला दिवस बदलण्याची वेळही बदलते. सर्व्हरच्या घड्याळात पहाटे ४ वाजता नवा दिवस सुरू होतो. आशिया सर्व्हरसाठी ती आपल्याकडची रात्रीची १:३० असते, म्हणजे सराफ्यातून खाऊन घरी येईपर्यंत खेळातली तारीख पालटलेली असते. युरोप सर्व्हरवर नवा दिवस आपल्या सकाळी ८:३० ला उगवतो. ही वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुठलं साहित्य कुठल्या वारी मिळतं, हे याच घड्याळावर चालतं.

## २. पुस्तकांचा हिशेब डोक्यात पक्का करा

अनुभवाची पुस्तकं तीन प्रकारची आहेत. वॉन्डरर्स ॲडव्हाइसमधून १,००० गुण मिळतात, ॲडव्हेंचरर्स एक्सपिरियन्समधून ५,००० आणि जांभळ्या हीरोज विटमधून २०,०००. दर पाच गुणांमागे एक मोरा (खेळातलं नाणं) कापला जातो, म्हणजे एक हीरोज विट वापरलं की ४,००० मोरा गेले.

एका पात्राला लागणारे गुण असे:

- १ ते २०: १,२०,१७५
- २० ते ४०: ५,७८,३२५
- ४० ते ५०: ५,७९,१००
- ५० ते ६०: ८,५४,१२५
- ६० ते ७०: ११,९५,९२५
- ७० ते ८०: १६,११,८७५
- ८० ते ९०: ३४,२३,१२५

सगळे मिळून ८३,६२,६५०. त्यातला ४१ टक्के भाग एकट्या शेवटच्या दहा लेव्हलना लागतो. पात्र चार ताऱ्यांचं असो की पाच (तारे म्हणजे पात्र किती दुर्मीळ), हे आकडे तेच राहतात.

आता वाटून टाकण्याचा हिशेब करू. पाच पात्रं ४० पर्यंत न्यायला ३४,९२,५०० गुण लागतात. तेवढ्यात एक पात्र ७० पर्यंत जातं आणि वर थोडे उरतात. चाळिशीतली पाच पात्रं वर्ल्ड लेव्हल (शत्रूंची ताकद ठरवणारी पातळी) वाढल्यावर एकदमच मार खातात. सत्तरीतलं एक पात्र बाकी तिघांना पाठीवर घेऊन पुढे जातं. माझा सगळा आग्रह या एका हिशेबावर उभा आहे.

मोराही विसरू नका. ९० पर्यंत जायला पुस्तकांवर सुमारे १६,७२,००० मोरा जातात आणि असेन्शनचे (लेव्हलची मर्यादा वाढवण्याचे) ४,२०,००० वेगळे. नव्या मुलांची पुस्तकं संपायच्या आधी मोरा संपतात. पेट्यांतून मिळालेली शस्त्रं वाढवण्यात मोरा उडवणं सुरुवातीला पूर्ण बंद ठेवा. ज्याला वाढवताय त्याचं एक शस्त्र तेवढं सोबत वाढू द्या.

## ३. तीन प्रश्न विचारा

कोणाला पुढे करायचं हे ठरवताना समोरच्या प्रत्येक पात्राबद्दल हे विचारा.

पहिला: याचा मारा याच्या स्वतःच्या लेव्हलवर आणि अटॅकवर चालतो का? काही पात्रांचं काम लेव्हल १ लाही होतं. शत्रूला ओलं करणं, थंड करणं, गोळा करून एका जागी आणणं. त्यांना पुस्तकं थांबू शकतात. मारणाऱ्याला थांबवून चालत नाही.

दुसरा: हे पात्र सहा महिन्यांनीही टीममध्ये राहील का? आज चांगलं वाटणारं आणि महिन्याभरात बाहेर बसणारं पात्र म्हणजे गेलेली पुस्तकं. लेव्हल एकदा वाढवली की पुस्तकं परत मिळत नाहीत.

तिसरा: याचं असेन्शनचं साहित्य मला आत्ता, आहे त्या ताकदीवर, मिळवता येईल का? नकाशाचा जो भाग अजून उघडलाच नाही तिथली फुलं लागणार असतील तर पात्र कितीही चांगलं असलं तरी पुस्तकं घेऊन मध्येच अडकतं.

किती तारे आहेत हा प्रश्न मी मुद्दाम घेतलेला नाही. पहिल्याच विशमध्ये (पात्रं-शस्त्रांच्या सोडतीत) चीची मिळाली म्हणून सगळी पुस्तकं तिला खिलवणारी मुलं मी पाहिली आहेत. ती पाच ताऱ्यांची आहे हे खरं, पण काम तिचं जखमा भरण्याचं. तुम्हाला डिल्युक मिळाला असेल तर गोष्ट वेगळी. तो स्वतः मैदानात उभा राहून मारतो, तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणतो, त्याला बिनधास्त पहिला घ्या.

## ४. फुकट मिळणाऱ्यांत कोण?

गोष्टीच्या सुरुवातीलाच ट्रॅव्हलर, अँबर, केया आणि लिसा मिळतात. नव्या खेळाडूंच्या बॅनरवर (सोडतीच्या यादीवर) पहिल्या दहा विशमध्ये नोएल नक्की मिळते, आणि तिथे दहा विश आठ फेटमध्ये (सोडतीच्या तिकिटांत) होतात. थोडं पुढे गेल्यावर बार्बराही फुकट येते. स्पायरल अबिस (मजल्यामजल्याने लढत जायचं ठिकाण) रँक २० ला उघडतो. त्याच्या तिसऱ्या मजल्याचा तिसरा कक्ष पार केला की शियांगलिंग मिळते.

माझं उत्तर शियांगलिंग. का, ते नीट सांगतो, कारण पहिल्या भेटीत ती कोणालाच आवडत नाही.

शियांगलिंग लियुए प्रदेशातल्या वानमिन उपाहारगृहातली आचारी मुलगी. भाला वापरते, आगीचं म्हणजे पायरोचं पात्र आहे. तिच्या बर्स्टमध्ये (ऊर्जा भरली की मारता येणाऱ्या मोठ्या हल्ल्यात), पायरोनाडोमध्ये, आगीचं चक्र फिरतं आणि तुम्ही लगेच दुसरं पात्र पुढे आणलं तरी ते चक्र त्या पात्राभोवती दहा सेकंद फिरतच राहतं. मैदानात कोणीही असो, मारा तिचा चालू. नवी मुलं तिला समोर ठेवून भाला चालवत बसतात आणि म्हणतात, ‘हिच्यात काही दम नाही.’ तिला बर्स्ट मारून मागे पाठवायचं असतं. ही एक गोष्ट कळली की खेळ पालटतो.

दुसरं असं की आग पाण्यावर पडली की व्हेपराइज होतं आणि मारा दीडपट होतो. बर्फावर पडली की मेल्ट होतं आणि मारा दुप्पट होतो. बार्बरा पाण्याची आहे, केया बर्फाचा. दोघंही फुकटात हाताशी आहेत.

तिची एक अडचण मात्र खरी आहे. पायरोनाडोला ८० ऊर्जा लागते आणि सुरुवातीला ती वेळेवर भरत नाही. म्हणून तिच्या आर्टिफॅक्टवर (पात्राला घालायच्या वस्तूंवर) आणि भाल्यावर एनर्जी रिचार्ज (ऊर्जा लवकर भरणारा आकडा) शोधा, अटॅकचे आकडे नंतर बघा. पुढे इनाझुमा प्रदेशात पोचलात की मासेमारीच्या बदल्यात ‘द कॅच’ नावाचा भाला फुकट मिळतो. तो जणू तिच्यासाठीच केलाय. मासे पकडायला कंटाळा येतो हे मान्य, तरी पकडा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. केयाला शियांगलिंग मिळेपर्यंत पुढे ठेवा. तलवार आणि बर्फ, वापरायला सोपा, ४० पर्यंत नेण्याइतका खर्च वसूल करून देतो. फोनवर खेळताना वारंवार मरत असाल तर नोएल चांगला आधार आहे. तिची ढाल आहे, ढाल असताना मारलं की जखमाही भरतात. ट्रॅव्हलर गोष्टीत सगळीकडे लागतो आणि त्याच्या असेन्शनला बॉसचं साहित्य लागत नाही, त्यामुळे त्याला हळूहळू वर येऊ द्या, पण पहिली पुस्तकं त्याला नकोत. अँबर आणि लिसा कोडी सोडवायला ठेवा. मशाली पेटवायला आग लागते, काही यंत्रं चालू करायला वीज लागते. त्यासाठी लेव्हल वाढवायची गरज नसते.

## ५. कोणत्या लेव्हलवर थांबायचं

लेव्हल २०, ४०, ५०, ६०, ७० आणि ८० ला असेन्शन करावं लागतं. ते करायला ॲडव्हेंचर रँकची अट आहे: अनुक्रमे १५, २५, ३०, ३५, ४० आणि ५०. त्यामुळे पुस्तकं कितीही असली तरी रँकच्या पुढे धावता येत नाही. पुस्तकं उरताहेत म्हणून दुसऱ्याला घालायचा मोह इथेच होतो. थांबा, पुढच्या रँकला ती लागणारच आहेत.

पहिल्या पात्राचा मुक्काम ८०. पण ८० ला पोचल्यावर शेवटचं असेन्शन करूनच थांबायचं, म्हणजे पात्रासमोर ८०/९० दिसलं पाहिजे, ८०/८० नाही. या फरकाकडे फार जण दुर्लक्ष करतात. असेन्शनने मूळ आकडे वाढतात आणि टॅलेंट (पात्राची कौशल्यं) १० पर्यंत नेण्याची परवानगी मिळते. ८०/८० वर टॅलेंट ८ ला अडतं.

मग ८० ते ९० कोणाला द्यायचं? नुसत्या अटॅकवर मारणाऱ्याला त्या दहा लेव्हलचा फायदा थोडाच होतो. लेव्हल ९० चा शत्रू समोर असेल तर त्याच्या बचावातून ८० च्या पात्राचा सुमारे ४८.६ टक्के मारा आत जातो आणि ९० च्या पात्राचा ५० टक्के. मूळ अटॅक थोडा वाढतो, तेवढाच. पण स्वर्ल, ओव्हरलोड, ब्लूम, इलेक्ट्रो-चार्ज्ड या, दोन तत्त्वं एकत्र आली की घडणाऱ्या, क्रियांचा मारा क्रिया घडवणाऱ्या पात्राच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर (या क्रियांची ताकद वाढवणाऱ्या आकड्यावर) ठरतो. तिथे ८० पेक्षा ९० ला सुमारे ३४ टक्के जास्त मारा होतो. म्हणून पहिलं ९० सुक्रोजसारख्या वारा फिरवणाऱ्या पात्राला द्या, मुख्य मारेकऱ्याला नाही. बहुतेकांना हे उलटं वाटतं, पण आकडे असेच आहेत.

एक सूट मी स्वतः सगळ्यांना सुचवतो. प्रत्येक पात्राचं पहिलं, तिसरं आणि पाचवं असेन्शन झालं की एक ॲक्वेंट फेट मिळतं, म्हणजे एक विश. त्यातलं पहिलं असेन्शन लेव्हल २० ला होतं आणि तिथपर्यंत पोचायला सहा हीरोज विट आणि वर चिल्लर लागते. मुख्य पात्र ८० च्या जवळ आलं आणि मोरा बरे साठले की रिकामी बसलेली पात्रं २० पर्यंत नेऊन हे विश गोळा करा. आधी करू नका.

## ६. मिरच्या, बिया आणि वार

शियांगलिंगला लागणारं साहित्य: जुएयुन मिरची, स्लाइमचा चिकट द्रव, पायरो रेजिसवाइन या बॉसकडून मिळणारी एव्हरफ्लेम सीड आणि आगीची रत्नं.

मिरच्या ९० पर्यंत एकूण १६८ लागतात: ३, १०, २०, ३०, ४५, ६० अशा चढत्या क्रमाने. त्या लियुएत जुएयुन कार्स्टच्या डोंगरांत उगवतात आणि एकदा तोडल्या की पुन्हा यायला खऱ्या घड्याळाचे ४८ तास लागतात. म्हणून असेन्शन समोर आलं की मिरच्या शोधायला निघणं उशिराचं ठरतं. शियांगलिंग मिळाल्याच्या दिवसापासून दर दोन दिवसांनी एक फेरी मारा. भावंडांच्या जगात जाऊन त्यांना विचारून तोडल्या तर काम निम्म्या वेळात होतं. विचारल्याशिवाय तोडू नका, त्यांच्याकडेही शियांगलिंग असू शकते.

बॉसची फेरी ४० रेझिनची (बक्षिसं घ्यायला लागणारा, वेळेनुसार भरणारा साठा). इथे एक अडचण आहे. पायरो रेजिसवाइन स्वतः आगीची, त्यामुळे शियांगलिंगच्या आगीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. केया किंवा बार्बरा पुढे घ्या, वेलीचा उघडा पडणारा आगीचा भाग बर्फाने किंवा पाण्याने फोडा, ती खाली पडली की सगळ्यांनी मिळून मारा. ९० पर्यंत अशा बिया ४६ लागतात.

टॅलेंटची पुस्तकं वारानुसार मिळतात. शियांगलिंगची लियुएच्या ताइशान मॅन्शनमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतात, रविवारी सगळंच उघडं असतं. तिचे दोनच टॅलेंट वाढवा: बर्स्ट आधी, ग्वोबाचं (आग ओकणाऱ्या तिच्या साथीदाराचं) स्किल नंतर. भाल्याचा साधा वार १ वर राहिला तरी चालतो, कारण ती मैदानात उभी राहतच नाही.

## ७. दुसरा, तिसरा, चौथा

मुख्य पात्र ६० ला पोचलं की दुसऱ्याकडे वळा. तोपर्यंत बाकी तिघं ४० वर राहू द्या.

पायरोचा बेनेट असेल तर दुसरा तोच. तो मिळेल याची हमी नाही, पण पैमॉनच्या दुकानात ३४ स्टारग्लिटरला (विश केल्यावर मिळणाऱ्या चलनाला) दर महिन्याला दोन चार-तारा पात्रं बदलून येतात, त्यावर नजर ठेवा. त्याच्या बर्स्टच्या वर्तुळात उभं राहिलं की ७० टक्क्यांपर्यंत जखमा भरतात आणि त्याच्या वर जीव असेल तर अटॅक वाढतो. तो अटॅक किती वाढणार हे बेनेटच्या मूळ अटॅकवर ठरतं, म्हणजे त्याची लेव्हल आणि त्याच्या तलवारीचा मूळ आकडा. त्याच्या आर्टिफॅक्टवरच्या अटॅकने त्यात काही भर पडत नाही. म्हणून सपोर्ट असूनही बेनेटला ८० द्यावेच लागतात, आणि तलवारही सोबत वाढवावी लागते. शिवाय टीममध्ये दोन पायरो झाले की सगळ्यांचा अटॅक २५ टक्के वाढतो आणि बेनेटच्या हल्ल्यांतून पडणारे कण शियांगलिंगची ऊर्जा भरतात. तिची मघाशी सांगितलेली अडचण इथे सुटते. त्याच्या टॅलेंटचा वारही मंगळवार-शुक्रवारच आहे, फक्त मोंडस्टाट प्रदेशातल्या फॉर्सेकन रिफ्टमध्ये. त्या दोन दिवशी रेझिन कोणावर घालायचं हे आधीच ठरवा.

बेनेट नसेल तर बार्बरा दुसरी. ती जखमा भरते ते तिच्या एकूण एचपीवर, अटॅकवर नाही. त्यामुळे ६० वर थांबवा आणि एचपीचे आर्टिफॅक्ट घाला, बास.

तिसरा शिंगच्यू, पाण्याचा. त्याच्या पावसाच्या तलवारी आणि शियांगलिंगची आग एकत्र आली की व्हेपराइज थांबतच नाही. लँटर्न राइटच्या सणाला कित्येक वर्षी लियुएचं एक चार-तारा पात्र फुकट निवडता आलंय, तशी संधी आली तर डोळे मिटून हाच घ्या. चौथी सुक्रोज. शियांगलिंग, बेनेट, शिंगच्यू आणि सुक्रोज, या चौघांना खेळाडू नॅशनल टीम म्हणतात. चौघंही चार ताऱ्यांची आहेत.

आणि तुम्हाला कोणी मनापासून आवडत असेल तर? त्याला दुसऱ्या क्रमांकावर घ्या, मी अडवणार नाही. आवडतं पात्र बाहेर बसवून खेळणारी मुलं महिनाभरात खेळ सोडतात. फक्त पहिला क्रमांक कामाच्या पात्राचा असू द्या, मग आवडत्यालाही त्याच्या सावलीत वाढता येतं.

## ८. रोजचं रेझिन

दर ८ मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला १८० रेझिन येतं. २०० ला टाकी भरते आणि पुढचं वाया जातं. रोज सगळं वापरलंच पाहिजे असं नाही, बारावीची परीक्षा असताना तर अजिबात नाही. पण चार डेली कमिशन दहा-पंधरा मिनिटांत होतात आणि त्यांचे ६० प्रिमोजेम (विशसाठी लागणारी रत्नं) मिळतात, ती तेवढी करा.

सुरुवातीला क्रम असा ठेवा: असेन्शन अडलं असेल तर बॉस, नसेल तर पुस्तकांची लेलाइन (रेझिन देऊन बक्षीस मिळणारी लढाई), आणि मोरा दोन लाखांखाली गेले तर मोऱ्यांची लेलाइन. वरच्या वर्ल्ड लेव्हलला पुस्तकांची एक फेरी २० रेझिनमध्ये सुमारे १,२२,५०० गुण देते. म्हणजे ८० ते ९० या शेवटच्या टप्प्याला २८ फेऱ्या, तीन दिवसांचं पूर्ण रेझिन आणि वर थोडं.

## ९. ज्यांत नवी मुलं हमखास अडकतात

वर्ल्ड लेव्हल घाईने वाढवणं. रँक २५ आणि ३५ ला एक परीक्षा येते, ती पार केली की जगातले शत्रू तगडे होतात. परीक्षा समोर दिसली म्हणून लगेच जायची गरज नाही. २५ च्या वेळी मुख्य पात्र किमान ४० चं असेन्शन करून तयार ठेवा आणि ३५ च्या वेळी ६० चं. आधीच वाढवून बसला असाल आणि मेन्यूत वर्ल्ड लेव्हल एक पायरी खाली आणायची सोय दिसत असेल, तर आणा.

आर्टिफॅक्टच्या डोमेनमध्ये (लढाईच्या बंदिस्त जागेत) लवकर घुसणं. रँक ४५ ला त्या डोमेनमधून पाच-तारा आर्टिफॅक्टची हमी मिळते. तोवर पेट्यांतून आणि बॉसकडून मिळालेल्या चार-ताऱ्यांवर भागवा. त्याआधी आर्टिफॅक्टवर घातलेलं रेझिन म्हणजे तेवढी पुस्तकं गमावली.

लेव्हल वाढवली, शस्त्र विसरलं. ७० चं पात्र आणि २० चं शस्त्र घेऊन ‘मारा होत नाही’ म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. शस्त्र पात्राच्या दहा लेव्हल मागे असलं तर चालतं, त्यापेक्षा मागे नको.

घरच्यांच्या फोनवरून खरेदी. प्ले स्टोअरला आईबाबांचं यूपीआय जोडलेलं असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आधी चालू करा. पाच-तारा पात्राची हमी ९० विशला आहे आणि एक विश १६० प्रिमोजेमची. विकत घेऊन ९० पर्यंत पोचणं म्हणजे घरच्या बजेटला धक्का. वर सांगितलेल्या चौघांसाठी पैसे लागत नाहीत.

तयार खातं विकत घेणं. ‘रँक ५५, दहा पाच-तारा, इतक्या रुपयांत’ असे निरोप ग्रुपवर फिरतात. विकणारा मूळ ईमेलवरून खातं केव्हाही परत घेऊ शकतो आणि अशी विक्री कंपनीच्या नियमांत बसत नाही. पैसेही जातात, खातंही.

## १०. पुढे दुसरी टीम

स्पायरल अबिसच्या पाचव्या मजल्यापासून एकाच वेळी दोन टीम लागतात. पहिली टीम उभी राहिल्याशिवाय तिकडे वळू नका: मुख्य पात्र ८०/९०, बेनेट किंवा बार्बरा जागेवर, बाकी दोघं निदान ६० ला. दुसऱ्या टीमसाठी तिसऱ्या पायरीतले तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायचे, फक्त आता निवडायला जास्त पात्रं असतील. चौथ्या मजल्याच्या तिसऱ्या कक्षात कोलेई फुकट मिळते. ती डेंड्रोची (वनस्पतींच्या तत्त्वाची) आहे, विजेच्या फिशलसोबत आणि बार्बरासोबत चांगली जमते. शियांगलिंग पहिल्या टीममध्ये असल्यामुळे दुसरीत आग नको, वीज आणि पाणी घ्या. त्या टीममध्ये पहिली पुस्तकं फिशलला जातील. तिला लागणारं स्मॉल लॅम्प ग्रास मोंडस्टाटच्या जंगलात रात्री सहज दिसतं, आत्तापासून तोडत राहा.